उकंडरावांच्या अंगठ्याची अर्थिंग

आमचे उकंडराव सकाळी उठले की पहिल्यांदा उजव्या पायाचा अंगठा उंबऱ्यावर आपटून पाहायचे. कळ थेट मस्तकात गेली की, "हाव, चालू हाये," म्हणायचे आणि समाधानानं दात घासायला लागायचे. कळ आली नाही तर मात्र त्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये. चहा फिका लागायचा, गिऱ्हाइकावर खेकसायचे, आणि थोड्या थोड्या वेळानं माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन विचारायचे, "राजू, माहा चेहरा कसा दिसून राह्यला बे? काळा त नाही पडला?"

लोकांना दुखलं की भीती वाटते. यांना दुखलं नाही की वाटायची. आता अशा माणसाचं काय करावं?

मी बोरी अरबला मेडिकल चालवतो. माझ्या दुकानाला लागून उकंडरावांचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांची जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरून देणं हा त्यांचा धंदा. हात सोन्याचा. त्यांनी भरलेली मोटर पुन्हा जळाली असं मी तरी ऐकलं नाही. पण आमच्या दोन दुकानांमधली भिंत फार पातळ आहे. मी इकडं गिऱ्हाइकाला सांगायचो, "ही गोळी जेवणानंतर घ्या," की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "घेऊच नका." मेडिकलवाल्याच्या नशिबी असा शेजारी यावा म्हणजे मागल्या जन्मीचं काहीतरी थकलेलं असणार. मी चिडका आहे असं माझी बायको चारचौघांत सांगते. तिनं एक बाजाराचा दिवस माझ्या गल्ल्यावर बसून काढावा, मग बोलावं.

उकंडरावांच्या अंगठ्याला जे झालं आहे त्याला डॉक्टर गाऊट म्हणतात. आमच्याकडे लोक म्हणतात, "युरिक ॲसिड झालं." रक्तात ते ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात, आणि सुरुवात बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्यापासून होते. अंगठा वांग्यासारखा होतो, रंगानंही आणि आकारानंही. अंगावरच्या चादरीचं टोक लागलं तरी माणूस ओरडतो. आठ-पंधरा दिवसांनी सूज आपोआप उतरते, माणूस म्हणतो सुटलो, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. उकंडराव नवी चप्पल घेतात तेव्हा दुकानातच उजव्या चपलेचा पुढचा भाग कापायला लावतात. चपलेच्या दुकानदारानं एकदा समजवायला पाहिलं की काका, मोठ्या मापाची घ्या. त्यावर उकंडराव म्हणाले, "अंगठा हवेशीर राहिला पाहिजे. त्याच्यावर सारं घर चालू हाये."

हे 'सारं घर चालू हाये' काय प्रकरण आहे ते आता सांगतो. त्यांची स्वतःची एक थिअरी आहे. ती त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

"पाह्य राजू. माणसाच्या बॉडीत करंट असते. जे जास्तीचं हाये ते कुठून तरी जमिनीत उतरलं पाहिजे. कोणाचं उतरतच नाही, म्हणून त लोकं पटापट जाऊन राह्यले. माही अर्थिंग अंगठ्यातून हाये. अंगठा दुखते म्हणजे करंट जमिनीत जाऊन राह्यलं, छाती सेफ. आता तू म्हणतं गोळी घ्या. म्या गोळी घेतली, अंगठा थंडा झाला, अर्थिंग कटली. मंग करंट जाईन कुठं? छातीत. बरोबर का नाही?"

"नाही," मी म्हणायचो.

"मंग गोवराचं सांग. गोवर बाहीर आला त पोट्टं वाचते. अंदर गेला त हातचं जाते. तुही आजी सांगत होती का नव्हती?"

इथं माझी पंचाईत व्हायची. कारण माझी आजी खरंच सांगायची. आमच्याकडे गोवर झालेल्या लेकराला पांघरुणात गुंडाळून ठेवतात, पुरळ पुरतं बाहेर येऊ दे म्हणून. औषधानं रोग दबला तर तो आत जाऊन बसतो, ही गोष्ट इथल्या घराघरात भिनलेली आहे, उकंडरावांनी काही पदरची काढलेली नाही. त्यांनी फक्त तिला तार जोडली. त्यामुळे बाजारातले लोक त्यांचं ऐकत, आणि माझ्या डिग्रीकडे पाहून हसत.

बरं, स्वतःपुरतं ठेवलं असतं तर मी कशाला मधे पडलो असतो. पण हा माणूस गावभर अंगठे तपासत फिरायचा. आमच्या शाळेचे हेडमास्तर सडपातळ गृहस्थ आहेत, रोज सकाळी फिरायला जातात, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. उकंडरावांनी त्यांना रस्त्यात अडवलं.

"गुरुजी, अंगठा कसा हाये?"

"ठणठणीत."

"कधीच नाही दुखला?"

"कधीच नाही."

उकंडरावांनी त्यांच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घरी साऱ्या गोष्टी सांगून ठेवल्या ना?"

हेडमास्तर दुसऱ्याच दिवशी यवतमाळला जाऊन कार्डिओग्राम काढून आले. नॉर्मल निघाला. पण तो एक दिवस त्यांच्या बायकोनं जो रडून काढला, त्याचं खापर ते अजून माझ्यावर फोडतात. म्हणतात, "शेजारी असून तुम्ही त्यांना आवरत नाही." आवरायला तो काय बैल आहे?

पथ्याच्या बाबतीतही तेच. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात रोडग्यांची जेवणं असतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, वरून तूप, सोबत वांग्याची भाजी आणि बादलीभर तुरीचं वरण. उकंडराव अशी एकही पंगत सोडत नाहीत. बोलावणं असो नसो, ते कुणाच्याही बांधावर हजर, आणि लोकही त्यांची जागा धरून ठेवतात. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना मटण बंद सांगितलं होतं आणि डाळ बेतानं खा म्हणून सांगितलं होतं. मी पंगतीत शेजारी बसून म्हटलं, "काकाजी, वरण बेतानं."

त्यांनी वाढणाऱ्याचा हात धरून आणखी एक पळी ओतून घेतली. "अर्थिंगच्या खड्ड्यात काय टाकतेत? मीठ, कोळसा न पाणी. नाही टाकलं त अर्थिंग सुकते. वरण म्हणजे माह्या अर्थिंगचं मीठ हाये. वाढ रे, तू याच्याकडे नको पाहू."

भरपूर पाणी प्या, हे एकच पथ्य त्यांनी इमानानं पाळलं. अर्थिंगला पाणी लागतं म्हणून.

एकदा मात्र मी त्यांना धरून-बांधून दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चाळिशीच्या आतल्या बाई, शांत, पण बोलण्यात पक्क्या. त्यांनी ब्लडप्रेशर पाहिलं, ते वाढलेलं. रक्त पाहिलं, ॲसिड वाढलेलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "काका, अंगठ्याचं मला तेवढं टेन्शन नाही. ज्याला गाऊट असतो त्याला हृदयाचा त्रास व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रक्त तर एकच आहे ना, अंगठ्यातही तेच आणि हृदयातही तेच. तुमच्या मोठ्या भावालाही गाऊट होता आणि ते हार्टनं गेले, असं हे मेडिकलवाले सांगतात. तुम्ही असंच चालवलं तर तुम्हीही त्याच वाटेनं जाल. गोळ्या सुरू करू आणि हृदयाची तपासणी करून घेऊ."

भावाचं नाव निघालं तसे उकंडराव ताठ झाले.

"मॅडम, तुमच्या दवाखान्याले अर्थिंग हाये का?"

"आहे."

"ते काढून टाका. मंग माह्याशी बोला."

बाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही मोटारी भरता ना? एखाद्या मोटारीच्या अर्थिंगमधून रात्रंदिवस करंट जात असेल तर तुम्ही काय म्हणता? मोटर चांगली आहे म्हणता?"

मी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. अर्थिंगमधून सारखं करंट जात असेल तर आतली तार कुठंतरी उघडी पडली आहे, मोटर जळायच्या बेतात आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? परत येताना एसटीत ते दारव्ह्यापासून गावापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, चला, बसला घाव. उतरताना म्हणाले, "पोरगी हुशार हाये. पण मोटर येगळी न माणूस येगळा." घ्या. इतकी वर्षं माणसाची मोटर करून मला ऐकवली, आणि अंगाशी आलं तेव्हा मोटर वेगळी झाली. पालथ्या घड्यावर पाणी.

गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी माझ्याच गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, "तू घे. तुहा अंगठा दुखत नाही, तुलेच गरज हाये."

मला राग आला तो उगीच नाही. हा माणूस माझ्यासमोर मरायला निघाला होता, आणि औषध मधल्या एका भिंतीच्या अलीकडे माझ्या फळीवर पडून होतं. गावातल्या कुणाकुणाला मी औषधं देतो, उधारीवर देतो, सांगून-बोंबलून देतो. आणि शेजारच्या माणसाला नाही देऊ शकत. झोंबतं ते.

आता त्यांच्या भावाबद्दल सांगायला पाहिजे. श्रावणराव त्यांचे मोठे भाऊ. उकंडरावांनी लग्न केलं नाही, सारी हयात दादा आणि वहिनीच्या घरात काढली. दादा म्हणजे त्यांचा देव. दादांना अंगठ्याचं हे दुखणं उकंडरावांच्याही आधी सुरू झालं होतं. ते गेले तेव्हा त्यांचा अंगठा चांगला उतरलेला होता, शेतात चालत गेले होते, आणि तिथंच बांधावर छातीला हात लावून बसले ते उठले नाहीत. तेरवी आटोपली आणि उकंडरावांनी आपली बाज उचलून दुकानाच्या मागच्या खोलीत आणली. तेव्हापासून ते तिथंच राहायचे, स्टोव्हवर काहीतरी शिजवायचे, नाहीतर कुणाच्या पंगतीला जायचे.

वहिनीचं घर म्हणजे मागच्याच गल्लीत. यमुनाकाकू एकट्याच असायच्या, मुलगी तिकडं कळंबला दिली आहे. उकंडराव रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर भाजी ठेवायचे, कधी मेथी, कधी वांगी, सायकलची घंटी वाजवायचे आणि काकू दारात यायच्या आत निघून जायचे. काकूंच्या विहिरीवरची मोटर बिघडली तर विहिरीवर जाऊन दुरुस्त करायचे, पण घरात पाय ठेवत नसत. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढतात. त्या दिवशीसुद्धा, सख्ख्या भावाचं पान मांडलेलं असताना, हा माणूस ओट्याच्या खाली उभा राहून हात जोडणार आणि परत. साऱ्या गावाच्या पंगतीत जेवणारा माणूस त्या एका घरी जेवत नव्हता, म्हटल्यावर गावानं आपला अर्थ काढला. शेताच्या हिश्श्यावरून बिनसलं म्हणे. मलाही तेच वाटायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तुह्या दुकानात याच्यावर गोळी हाये का? नाही ना? मंग गप बस." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

आणि मग तो दिवस आला. तुरी निघाल्या होत्या, बाजारात गर्दी होती, थंडी होती. मी दुकान उघडून झाडून घेत होतो तर उकंडराव पायरीशी आले. चेहरा राखेसारखा. त्या थंडीत कपाळावर घाम.

"राजू," ते म्हणाले, "अंगठा बंद पडला."

मी म्हटलं, "चांगलं झालं."

"परवापासून दुखून नाही राह्यला." असं म्हणून त्यांनी पायरीच्या दगडावर अंगठा आपटला. हळू नाही, जोरात. पुन्हा आपटला. नखातून रक्त आलं. "पाह्य, मस्तकात कळच नाही. बंद पडला बे. आता छातीत आलं."

तेव्हा कुठं माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो हात छातीवर होता.

"छातीत काय होतं काकाजी?"

"कोणी पाय देऊन उभं हाये असं वाटते."

मी त्यांना बाकड्यावर बसवलं, समोरच्या चहावाल्याला गाडी काढायला पिटाळलं, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अमुक गोळी लगेच चावायला द्या आणि ताबडतोब घेऊन या. मी गोळी काढली, पुढं धरली. उकंडरावांनी माझ्या हाताला असा फटका मारला की गोळी नालीत गेली.

"गोळी नाही. मरतो, पण गोळी नाही घेत."

मी दुसरी काढली. त्यांनी दात घट्ट मिटले. आता सांगा, साठी उलटलेल्या माणसाचे दात कसे उघडणार? मी ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. ते नुसती मान हलवत होते. बाजारातले लोक गोळा झाले. कुणी म्हणे पाणी शिंपडा, कुणी म्हणे कांदा हुंगवा. कुणीतरी शहाण्यानं मागच्या गल्लीत जाऊन यमुनाकाकूंना सांगितलं.

काकू आल्या त्या कणकेच्या हातानंच. गर्दी बाजूला झाली. मी त्यांच्या हातात गोळी दिली आणि म्हटलं, "काकू, तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "गोळी घ्या."

उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खाली पाहत म्हणाले, "वयनी, तुमी जा इथून."

"गोळी घ्या, मंग जातो."

"तुमाले माहीत नाही. दादाच्या गोळ्या म्या आणल्त्या. यवतमाळहून. तो नाही म्हणे, म्या त्याले आपल्या हातानं रोज चारल्या. अंगठा थंडा झाला. म्या मोठ्या खुशीनं त्याले शेतात पाठवलं. न मंग..." त्यांना दम लागला. "अंगठ्यातलं छातीत म्या पाठवलं, वयनी. म्या मारलं तुमच्या नवऱ्याले. आता गोळी घेऊन मी वाचू का?"

मी मनात म्हटलं, अरे देवा, म्हणजे हे असं होतं. शेत नाही, हिस्सा नाही. हा माणूस इतकी वर्षं त्या उंबऱ्याला घाबरत होता, आणि आपण त्याची टिंगल करत होतो.

यमुनाकाकू बाकड्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादानं तुमची येकबी गोळी गिळली नाही."

उकंडरावांनी मान वर केली.

"तोंडात घ्यायचे. गालात धरायचे. तुमी दुकानात गेले का मोरीत थुंकून टाकायचे. मले शपथ घातली होती. म्हणे लहाना माह्यासाठी जीव टाकते, त्याले सांगू नको, त्याले वाईट वाटन."

"खोटं."

"माह्या पोरीची आन."

उकंडराव माझ्याकडे वळले. "मंग अंगठा कसा उतरला बे? गोळी नाही घेतली त उतरला कसा?"

"तो तसाच उतरतो, काकाजी," मी म्हटलं. "गोळी घेतली नाही तरी उतरतो. तुमचा नाही का उतरत? आता कुठं घेतली तुम्ही गोळी? तरी उतरलाच ना. अंगठा उतरला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, आणि कुठं वर सरकलं असंही नाही. रक्तात होतं ते रक्तातच असतं. दादांनी गोळ्या घेतल्या असत्या, छाती दाखवली असती, तर कदाचित..." बोलायला नको होतं तेवढं तर बोलूनच बसलो होतो.

"मले काय माहीत तुमी असं धरून बसले," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज फाटला. "मले वाटे तुमी माह्यावर राग धरून हाये. नवऱ्याकडं लक्ष देल्लं नाही म्हणून घर सोडलं. थे थुंकून राह्यले हे दिसत होतं मले, न मी गप बसली. म्या तुमाले सांगतलं असतं त तुमी त्यायचा गळा धरून चारली असती. म्हणून मले तुमच्या पुढं यायची भीती वाटे. भाजी ठेवून तुमी पळे, न मी दाराच्या आड उभी राहो."

उकंडराव बाकड्यावर बसले होते, छातीवर हात तसाच. त्यांचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, गेला. पण ते रडत होते. आणि रडता रडता त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. मला नाही, काकूंना नाही. मेलेल्या भावाला. ज्या दादाच्या नावाला ते चप्पल काढून हात जोडायचे, त्याला भर बाजारात.

"हरामखोर. मोरीत थुंकल्या. माह्या हातच्या गोळ्या मोरीत थुंकल्या साल्यानं. म्या तुह्यापायी घर सोडलं बे. तुह्यापायी एकट्यानं भाकर थापली. गिळली असती त काय मेला असता? नाही गिळली म्हणून मेला, भैताड." आणि मग माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "आण इकडं थे गोळी. आण. मी याच्यासारखा नाही. मी सगळ्यायसमोर खातो."

कटाकट चावली. भिऊन नव्हे, भांडण काढल्यासारखी. गाडी आली होती. मी एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला. दारव्ह्यापर्यंत त्या भावाचा उद्धार चालू होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला काकाजी, बोलत राहा, बोलणारा माणूस जिवंत असतो.

हृदयाची एक नस बरीच आवळली होती. दारव्ह्याहून यवतमाळला नेलं, तिथून पुढं नागपूरला, आणि त्या नसेत बारीक जाळी बसवून त्यांना परत आणलं. आता गोळ्यांची एक मूठ रोज आहे, अंगठ्याची वेगळी, ब्लडप्रेशरची वेगळी, हृदयाच्या वेगळ्या. स्वभाव जसाच्या तसा. आता भिंतीपलीकडून आवाज येतो, "जेवल्यावर घ्या. न गालात नका धरू." गिऱ्हाइकं गोंधळतात. परवा एका म्हाताऱ्यानं गोळ्या परत करायला आणल्या तर उकंडराव भरायला घेतलेली मोटर सोडून आले आणि त्याच्याशी तासभर भांडले. मी पंखा लावून बसलो आणि ऐकत राहिलो. वरणाच्या बाबतीत अजून अडून आहेत. डॉक्टरीणबाईंनी मटण सोडलं तर वरण थोडं चालेल म्हटलं, तर हे 'थोडं' म्हणजे किती यावर त्यांच्याशी वाद घालून आले.

बाज मात्र वहिनीच्या घरी परत गेली. दुकानामागची खोली आता नुसत्या जळक्या मोटारींनी भरलेली आहे.

गेल्या आठवड्यात त्यांची एक गोळी माझ्याकडे उशिरा आली, म्हणून संध्याकाळी मी स्वतःच द्यायला त्यांच्या घरी गेलो. उकंडराव स्वैपाकघरात पाटावर बसले होते, पुढं ताट वाढलेलं. मला म्हणाले, "थांब, आमचं हे होऊ दे." त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायले, आणि आ केला. साऱ्या बाजाराला दटावणारा माणूस, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आ करून बसला. यमुनाकाकूंनी चष्मा लावला, वाकल्या, एक गाल पाहिला, दुसरा पाहिला. जीभ वर करायला लावली. मला वाटलं, एवढा वेळ कशाला लागतो? पण लागत होता.

"दादाचंही असंच पाह्यलं पाहिजे होतं, वयनी," तोंड मिटल्यावर उकंडराव म्हणाले.

"हाव," काकू म्हणाल्या. "नाही पाह्यलं. आता तुमचं पाह्यतो. तुमाले राग आला तरी पाह्यतो."

"राग कायले येईन," उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.